उपप्रश्नाला धनी कोण?

८ डिसेंबर २०२५ पासून नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले. १४ तारखेला ते संपलेही. रविभवन आणि नागभवनाच्या भिंतींना रंग लागला, मंत्र्यांच्या नावांच्या पाट्या चढल्या, मोर्चांच्या जागा आखून झाल्या. नेहमीचेच सारे. एक गोष्ट मात्र नेहमीची नव्हती. दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी होती. विधानसभेतली नोव्हेंबर २०२४ च्या निकालापासून, आणि विधान परिषदेतली ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपल्यापासून.

हिशेब सगळ्यांना पाठ झाला आहे. विधानसभेचे सदस्य २८८, या पदासाठी लागणारा त्यांचा दहावा हिस्सा २९. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे २०, काँग्रेसचे १६, शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे १०. एकट्याने २९ कोणीच गाठत नाही. दहाव्या हिश्श्याचा हा दंडक लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या काळापासून चालत आला. राज्याच्या १९७८ च्या कायद्यात अशी अटच नाही, असे विरोधकांचे म्हणणे आहे. निर्णय पीठासीन अधिकाऱ्यांच्या हाती होता आणि तो वर्ष उलटून गेले तरी आलेला नव्हता. दिल्लीत २०१५ साली ७० पैकी अवघे तीन आमदार असलेल्या भाजपच्या विजेंदर गुप्तांना विरोधी पक्षनेतेपद मिळाले होते. तिथल्या अध्यक्षांनी मनाचा मोठेपणा दाखवला म्हणा किंवा राजकीय शहाणपण. मुंबईत दोन्हींचा तुटवडा दिसला.

विरोधक म्हणून प्रश्न विचारायचा हक्क नेमका कोणाचा, यावर त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठे रण पेटले होते. आयर्लंडच्या संसदेत पंतप्रधानांना विरोधी नेते दर आठवड्याला समोरासमोर प्रश्न विचारतात. प्रश्न आधी लिहून द्यावा लागत नाही. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर पंतप्रधान असताना या सरबत्तीला तोंड देत असे, आणि समोर अनेकदा विरोधी नेत्या मेरी लू मॅक्डोनल्ड असत. तिथे जानेवारी २०२५ मध्ये मायकेल लोरी यांच्या गटातल्या अपक्ष खासदारांनी नव्या सरकारला पाठिंबा दिला आणि वर विरोधकांच्या वाट्याचा बोलण्याचा वेळही मागितला. विरोधक इतके खवळले की २२ जानेवारीला पंतप्रधानांची निवडच होऊ शकली नाही, ती दुसऱ्या दिवसावर गेली. बोलायला मिळणाऱ्या काही मिनिटांसाठी देशाचा कारभार एक दिवस थांबला. आपल्याकडे खुर्ची वर्षभर रिकामी होती आणि कोणाच्या जेवणाची वेळही चुकली नाही.

तरीही या रिकाम्या खुर्चीवर दोन अश्रू ढाळून वऱ्हाडाचे काम भागणार नाही. आपले दुखणे तिच्या पलीकडचे आहे.

विधिमंडळातला प्रश्न कसा असतो, हे एकदा पाहिले पाहिजे. त्याचा साचा वर्षानुवर्षे तोच: अमुक गावी अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय? उत्तराचाही साचा ठरलेला. ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘कार्यवाही सुरू आहे.’ आणि शेवटी ते अजरामर वाक्य, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ इथवर सारे कागदावर असते, आणि कागद अधिकाऱ्याने लिहिलेला असतो. मंत्र्याची परीक्षा सुरू होते ती उपप्रश्नाला. हातातले टिपण संपते, मागच्या दालनातून चिठ्ठ्या धावू लागतात, आणि त्या दोनचार मिनिटांत मंत्र्याच्या तोंडून जे निघते ते आश्वासन म्हणून नोंदवले जाते. म्हणून सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणाऱ्या तारांकित प्रश्नाचा जीव उपप्रश्नात असतो. आणि उपप्रश्न त्यालाच सुचतो ज्याला मागच्या वर्षीचे उत्तर आठवते.

या देशात कायदेमंडळात प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने आली. १८९३ मध्ये पहिला प्रश्न विचारला गेला तो दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांची जी नागवणूक होई त्याबद्दल. विषय अजून जुना झालेला नाही, हा भाग वेगळा. पण तेव्हा उपप्रश्नाची सोय नव्हती. सरकारने सांगितले ते ऐकून खाली बसायचे. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ नंतर कोणत्याही सदस्याला. म्हणजे प्रश्नापाठोपाठ उपप्रश्न मिळवायला या देशाने सतरा वर्षे घालवली, आणि तो सगळ्यांचा व्हायला आणखी दहा.

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे याच काळातले. टिळकांचे जिवलग, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, वकिलीत आणि विनोदात सारखेच धारदार. पुढे दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये ते वऱ्हाडचे प्रतिनिधी झाले. त्यात एक गंमत होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, इंग्रजांकडे १९०२ च्या कायम भाडेपट्ट्याने आलेले. त्यामुळे इथल्या मतदारांनी निवडलेला माणूसही दप्तरी ‘सरकारनियुक्त’ म्हणून बसे. ज्या सरकारला धारेवर धरायचे त्याचाच शिक्का आपल्या नावापुढे! पण शिक्क्यामुळे खापर्ड्यांची जीभ बोथट झाल्याचे कोणी ऐकले नाही. पदाची पाटी आणि माणसाचे काम या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे वऱ्हाडाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

अलीकडचा दाखला प्रा. बी. टी. देशमुखांचा. अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षे ते विधान परिषदेत होते. ना मंत्रिपद, ना विरोधी पक्षनेतेपद. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातल्या विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांचा दाखवला. तेव्हापासून त्या आकड्यांचा पिच्छा ज्या माणसांनी सोडला नाही, त्यांत देशमुख आघाडीवर. राज्यघटनेचे ३७१(२) कलम, राज्यपालांचे निर्देश, जिल्हावार सिंचनाचे तक्ते हे त्यांना तोंडपाठ. मंत्री बदलत, सचिव बदलत, प्रश्न विचारणारा तोच. नव्या मंत्र्याला आपल्याच खात्याने काय कबूल केले होते ते देशमुखांकडून कळे. २०१० च्या निवडणुकीत अकोल्याच्या डॉ. रणजित पाटलांनी त्यांना हरवले आणि पाटील पुढे राज्यमंत्री झाले. लोकशाहीत हे व्हायचेच. पण वऱ्हाडाच्या बाजूने सभागृहात असलेली तीस वर्षांची आठवण त्या मतमोजणीत बाहेर गेली, आणि तिची भरपाई आजवर झालेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खामगावचे भाऊसाहेब फुंडकर यांची गोष्ट दुसऱ्या टोकाची. अकोल्याचे तीनदा खासदार, मग विधान परिषदेत विरोधी पक्षनेते. आघाडी सरकारच्या काळात कापूस आणि कास्तकाराच्या आत्महत्या यांवर ते सरकारला सळो की पळो करून सोडत. २०१६ मध्ये ते कृषिमंत्री झाले, आणि पुढच्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी फस्त केली, यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने मजुरांचे जीव गेले. आता उत्तर त्यांना द्यायचे होते. डिसेंबर २०१७ च्या नागपूर अधिवेशनात मदत जाहीर झाली. कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. आकडा भरघोस होता. त्याची फोड पाहिली की खरे कळे. कोरडवाहूच्या ३०,८०० पैकी ६,८०० आपत्ती निधीतून, ८,००० पीकविम्यातून आणि तब्बल १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. कंपन्यांनी जबाबदारी नाकारली. फुंडकर मे २०१८ मध्ये गेले. हे १६,००० वसूल झाले का, किती जणांचे, कोणत्या कंपनीकडून, हा प्रश्न दर अधिवेशनात विचारायला हवा होता. विरोधी बाकावरचे फुंडकर तो विचारल्याशिवाय राहिले नसते.

सभागृहात न विचारलेला प्रश्न नाहीसा होत नाही, तो रस्त्यावर येतो. चारदा आमदार राहिलेले बच्चू कडू २०२४ मध्ये अचलपुरात पडले. जून २०२५ मध्ये ते कर्जमाफीसाठी मोझरीला उपोषणाला बसले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या वेशीवर धडकले. महामार्ग ठप्प झाला, उच्च न्यायालयाला रस्ता मोकळा करायला सांगावे लागले, आणि मग मुंबईत बैठक होऊन कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ, असे सरकारने सांगितले. कडूंच्या पद्धतीवर वाद घालता येईल, आम्हीही घालू. रुग्णवाहिका अडकते तेव्हा कोणताही प्रश्न मोठा राहत नाही. पण २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि बाजार समितीत बोली त्याहून कितीतरी खाली, हे सांगायला महामार्ग अडवावा लागतो, याची लाज कडूंपेक्षा सभागृहाला जास्त वाटायला हवी.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मिळून तेरा आमदार. त्यांतले विरोधी बाकावर तिघेच, दर्यापूर, बाळापूर आणि अकोला पश्चिमचे. उरलेले दहा सत्ताधारी. सत्ताधारी आमदाराने प्रश्न विचारू नये असा नियम नाही, आणि काही जण विचारतातही. पण आपल्याच मंत्र्याला दुसरा उपप्रश्न टाकताना जीभ अडखळते, हे त्यांनाही माहीत आहे. तेव्हा तिघांवरच भार फार. त्यांना कोणी नेता असो वा नसो, आमच्या हातातली यादी त्यांच्या हाती द्यायला हरकत नाही.

विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा ठराव सप्टेंबर २०२२ मध्ये केला. त्या कागदाचे पुढे काय झाले? सिंचनाचा अनुशेष जून १९९४ ची पातळी धरून मोजला गेला, आणि अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा या चार जिल्ह्यांचेच हेक्टर सर्वांत शेवटी उरले. ते कोणत्या वर्षी भरून निघणार? मेळघाटातल्या बालमृत्यूंचा विषय १९९३ पासून दर डिसेंबरात निघतो. धारणी आणि चिखलदऱ्यात तज्ज्ञ डॉक्टरांची मंजूर पदे किती आणि त्यांवर आज प्रत्यक्ष माणसे किती? ‘थे तं मांगच्या सालीच सांगतलं होतं,’ असे मंत्र्यांना तोंडावर म्हणता येईल इतकी जुनी इतिवृत्ते काढून ठेवावीत. विधिमंडळाच्या ग्रंथालयात ती मिळतात.

आणि कर्जमाफीची ३० जून २०२६ ही तारीख पावसाळी अधिवेशनाच्या तोंडावर ठेवलेली होती. ते सहसा मुंबईत भरते. तिथे ट्रॅक्टर नेणे अवघड आहे.