तबकडी कपाटात, ओवी कोठे?

ध्वनिमुद्रणांच्या जतनाविषयी भरलेल्या एका चर्चासत्रात अलीकडेच आम्ही श्रोते होतो. वक्ते रसिक संग्राहक. आपल्या संग्रहातील शास्त्रीय संगीत त्यांनी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ या दर्जाने ब्लू-रे तबकड्यांवर उतरवून ठेवले आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांची काळजी आता मिटली आहे, असे त्यांनी जाहीर केले. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मराठीचे प्राध्यापक पुष्कळ होते. आम्ही वाजवल्या नाहीत, आणि त्याचे कारण विचारणाऱ्यांना तेथे दोन मिनिटांत सांगता आले नाही, म्हणून हे लेखन.

कारण साधे आहे. हाच उद्योग आम्ही २००७ साली केलेला आहे.

आमच्या विभागात तेव्हा चाळीस कॅसेट होत्या. आमच्या आधीच्या पिढीतील अध्यापकांनी १९८० नंतरच्या दशकात किनारपट्टीवरच्या गावांतून हिंडून त्या भरलेल्या. जात्यावरच्या ओव्या, वासुदेवाची गाणी, एका दशावतारी मंडळीची पदे, आणि शेवटच्या चार कॅसेटवर गावातल्या एका खाजगी बैठकीतले ख्यालगायन. मूल्यांकनाची समिती येऊ घातली होती, 'डिजिटायझेशन' हा शब्द अहवालात शोभून दिसणार होता, आणि आम्ही तरुण होतो. चाळीस तास आम्ही २४ बिट, ९६ किलोहर्ट्झने संगणकावर घेतले. या दर्जाने एका तासाला सुमारे २ गिगाबाइट लागतात, ४.७ गिगाबाइटच्या एका डीव्हीडीवर दोन कॅसेट बसल्या. वीस तबकड्या झाल्या. त्यांवर आम्ही हौसेने छापील गोल लेबले चिकटवली, त्या लोखंडी कपाटात ठेवल्या, छायाचित्र काढले. कॅसेट 'आता संगणकीकृत झाल्याच आहेत' या न्यायाने, जागेअभावी, रद्दीत गेल्या. त्या कागदावर आमच्यापैकीच एकाची सही आहे.

२०२३ साली एका विद्यार्थिनीला ओवीवर प्रबंध करायचा होता म्हणून कपाट उघडले. प्रथम ड्राइव्ह शोधण्यात आठवडा गेला, कारण विभागातील एकाही संगणकाला तबकडीचे तोंड उरलेले नव्हते. ड्राइव्ह मिळाल्यावर वीसपैकी अकरा तबकड्या पूर्ण वाचल्या गेल्या, सहा अर्धवट, आणि तीन तबकड्यांविषयी संगणकाचे म्हणणे असे की त्या कोऱ्या आहेत. आत बायका दळत होत्या, आणि यंत्र सांगत होते की येथे कधी काही लिहिलेच गेले नाही.

दोष कोणाचा? तबकडी बनवणाऱ्याचा म्हणावा तर तो सोपा मार्ग आहे. लेखी तबकडी म्हणजे काय, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. बाजारात मिळणारी छापील सीडी ही साच्यातून काढलेली असते. तिच्यातील खाचखळगे प्लास्टिकात उठवलेले असतात. घरी 'जाळलेली' सीडी अथवा डीव्हीडी वेगळी. तिच्यात सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो, लेसरच्या उष्णतेने त्या रंगावर डाग पडतात, आणि हे डाग म्हणजेच आपले गाणे. रंग म्हटला की तो विटणार. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी लवकर विटणार. अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ साली तबकड्यांच्या निगेची मार्गदर्शिका काढली, तीत साठवणुकीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे, आणि डीव्हीडीवर चिकट लेबले लावू नका असेही. आमच्या गावात आषाढात भिंतींना पाझर फुटतो. लेबले तर आम्ही रंगीत छापून घेतली होती.

'शंभर वर्षे' हा आकडाही कोठून येतो ते पाहावे. शंभर वर्षे कोणी वाट पाहिलेली नाही. तबकडी काही आठवडे कडक उष्णतेत आणि दमट हवेत ठेवतात, तिच्या ऱ्हासाचा वेग मोजतात, आणि गणिताने तो घरातल्या तापमानावर उतरवतात. गणित खोटे नाही. पण ते त्या नमुन्यापुरते, त्या ड्राइव्हपुरते आणि त्या कल्पित खोलीपुरते खरे. दुकानातून आणलेल्या पन्नासाच्या गठ्ठ्याला ते लागू होईलच असे नाही. युनेस्कोने २००६ सालीच केव्हिन ब्रॅडली यांच्याकडून या विषयावर स्वतंत्र टिपण लिहवून घेतले होते, आणि त्याचे शीर्षकच मुळी लेखी तबकड्यांवर अभिलेखागारांनी विसंबण्यातील धोके सांगणारे होते. म्हणजे आम्ही लेबले चिकटवत होतो त्याच्या आदल्याच वर्षी. वाचले नाही, हा आमचा दोष.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा अनुभवाने अधिक शिकवली. कॅसेट मरताना कण्हते. आधी वरचे स्वर बोथट होतात, मग आवाज हेलकावे खातो, फीत कुरकुरते. ऐकणाऱ्याला कळते की आता हिची नक्कल केली पाहिजे. तबकडी कण्हत नाही. तिच्यात चुका दुरुस्त करणारी सांकेतिक व्यवस्था असते. रंग विटू लागला तरी ती व्यवस्था हरवलेले आकडे हिशेबाने भरून काढते आणि गाणे पहिल्या दिवसासारखे वाजते. चुका दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेल्या की ती एकाएकी मुकी होते. म्हणून 'गेल्या वर्षी तर छान वाजत होती' ही तबकडीच्या प्रकृतीची ग्वाही नव्हेच. प्रकृती पाहायची तर चुकांचे मापन करणारा ड्राइव्ह आणि प्रणाली लागते, आणि ते काम दर दोनतीन वर्षांनी करावे लागते. चर्चासत्रातील वक्त्यांना आम्ही हे विचारले तेव्हा ते हसून म्हणाले की तबकड्या चांगल्या कंपनीच्या आहेत.

आता त्या उच्च दर्जाविषयी. संगीताच्या रसिकांत हल्ली बिट आणि किलोहर्ट्झ यांची जी चढाओढ दिसते ती आम्हांला जुन्या पोथीच्या बासनाला जरतारी किनार लावण्यासारखी वाटते. आम्ही २४ बिटांची टिंगल करत नाही. ध्वनि-अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए हीसुद्धा जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी किमान २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ सुचवते आणि ९६ला पसंती देते. पण साध्या टू-इन-वनवर, अंगणात, कोंबड्यांच्या संगतीत भरलेल्या कॅसेटमध्ये १५ किलोहर्ट्झच्या वर राखण्यासारखे फारसे काही नसते. आम्ही ४८ किलोहर्ट्झवर थांबलो असतो तर एका डीव्हीडीवर चार कॅसेट बसल्या असत्या, आणि त्याच वीस तबकड्यांत संपूर्ण संग्रहाच्या दोन प्रती झाल्या असत्या. एक विभागात, एक दुसऱ्या गावी. वक्त्यांच्या १९२ किलोहर्ट्झच्या जागेत तर चार प्रती. आम्ही नेमकेपणा विकत घेतला आणि त्याची किंमत दुसऱ्या प्रतीने चुकवली. हा व्यवहार त्या वेळी कोणालाच मूर्खपणाचा वाटला नाही, कारण अहवालात 'उच्च दर्जा' हा रकाना होता, 'प्रतींची संख्या' हा नव्हता.

आणि वाचले ते काय? त्या २००७ सालीच एका विद्यार्थ्याने आमच्या परवानगीशिवाय काही कॅसेटची एमपीथ्री रूपे करून घेतली होती. १२८ केबीपीएस, म्हणजे तासाला ५८ मेगाबाइटसुद्धा नाहीत. आम्ही त्याला त्या वेळी रागे भरलो होतो. ध्वनीची अशी कत्तल करू नये, वगैरे. त्याने ती आपल्या आईला ऐकवली, मामाला दिली, पेनड्राइव्हवर घातली, पुढे फोनवर, पुढे फोनमधून फोनमध्ये. आमच्या मुक्या झालेल्या तीन तबकड्यांपैकी दोन तबकड्यांतील ओव्या आज त्या कत्तल केलेल्या रूपात तेवढ्या उरल्या आहेत. आमच्या निष्कलंक ध्वनीचा एकही सेकंद तेथे उरलेला नाही.

मराठीच्या अध्यापकांना यात नवल वाटू नये. आपले सगळे प्राचीन वाङ्मय वाईट प्रतींच्या जोरावर टिकले आहे. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धामधुमीत गेली आणि महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा बांधली. म्हणून तर तिचे इतके पाठ. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रतिशुद्धी केली ती मूळ लेखनानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, आणि ती करता आली याचे कारण समोर अशुद्ध का होईना पण अनेक प्रती होत्या. अ. का. प्रियोळकरांनी 'दमयंती-स्वयंवरा'ची पाठचिकित्सा केली तीही हस्तलिखिते ताडूनच. एकमेव शुद्ध प्रत एका कपाटात असती तर यांपैकी कोणालाच काही करता आले नसते. पोथीच्या शेवटी लेखक तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला वाचवा अशी विनवणी लिहीत असे, आणि अध्यायाअखेर ओव्यांची संख्या नोंदवत असे, की पुढच्या नक्कलकाराला एखादी गळली तर कळावी. संगणकावर याच संख्येला आज चेकसम म्हणतात. फ्लॅक या स्वरूपातील फाइलच्या माथ्यावर तो आपोआप लिहिलेला असतो आणि पडताळायला एक आज्ञा पुरते. आम्ही तो एकदाही पडताळला नव्हता, कारण आमच्या फाइली फ्लॅकमध्ये नव्हत्याच. त्या ध्वनीत काहीही न गमावता जागा वाचवणारे हे स्वरूप २००१पासून फुकट उपलब्ध होते.

आमची खरी लाज मात्र याहून वेगळी आहे. आम्ही मराठी विभाग. किलोहर्ट्झवर तीन बैठका घेतल्या, आणि चाळीस तासांतील एकाही ओवीचे शब्द कागदावर उतरवले नाहीत! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या; २०१७पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत. तो संग्रह आज वाचता येतो याचे कारण ओवी मुळात लिहून घेतली गेली, गाणारीचे नाव आणि गाव तिच्यासोबत नोंदले गेले. आमच्या लेबलांवर 'ओव्या – भाग ३' एवढेच आहे. ध्वनी गेला तेव्हा नावेही गेली.

तबकडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आम्हांला ठाऊक आहे, आणि ते सगळे टाकाऊ नाही. एकदाच लिहिता येणारी तबकडी चुकून पुसली जात नाही, विषाणू तिला ओलीस धरू शकत नाही, तिचे मासिक भाडे नाही. ढगात ठेवलेले संगीत दुसऱ्याच्या मर्जीवर असते आणि हार्ड डिस्क एका धक्क्याने जाते. खरे आहे. दगडासारख्या असेंद्रिय थराच्या तबकड्याही निघाल्या, त्या रंगाच्या तबकड्यांपेक्षा अधिक टिकाऊ असाव्यात हे मानायला आमची हरकत नाही. अनेक प्रतींपैकी एक प्रत तबकडीवर असावी, जरूर असावी. पण तबकडी टिकली तरी तिला वाचणारा टिकला पाहिजे. जपानची तायो युदेन २०१५च्या अखेरीस या धंद्यातून बाहेर पडली. आपल्याकडची मोझर बेअर, जिच्या तबकड्या एके काळी गल्लीतल्या दुकानात मिळत, तिच्या अवसायनाचा आदेश २०१८ साली निघाला. पॅनासॉनिकने लेखी ब्लू-रेचे उत्पादन २०२३ साली थांबवले, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. दिग्गज एकेक करून उठून जात असताना शंभर वर्षांची बैठक मांडणाऱ्यांचे धैर्य मोठे म्हटले पाहिजे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळची लाखेची तबकडी फिरवायला आजही एक सुई आणि एक फिरते ताट पुरते. सांकेतिक आकड्यांच्या तबकडीपुढे सुई धरून काय होणार?

चर्चासत्रातील वक्त्यांना आमची विनंती एवढीच, की या दिवाळीच्या सुटीत त्यांनी आपली सर्वांत जुनी तबकडी लावून पाहावी. वाजली तर समाधान न मानता तिची नक्कल करावी आणि ती दुसऱ्या गावच्या एखाद्या मित्राकडे द्यावी. संग्राहकांना प्रती वाटणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. दुर्मिळपणाचीही एक चैन असते.

आमच्यापुरते म्हणाल तर वाचलेल्या अकरा तबकड्या आणि सहांतील वाचला तेवढा भाग आम्ही फ्लॅकमध्ये करून तीन ठिकाणी ठेवला आहे, त्यांतील एक ठिकाण त्या रागावलेल्या विद्यार्थ्याचे घर आहे. तो आता शिक्षक आहे. एम.ए.चे विद्यार्थी दर शनिवारी दोन तास ऐकून शब्द उतरवतात. साडेचार तासांचे लिप्यंतर झाले आहे. काही ओव्यांतील शब्द आम्हांला लागत नाहीत, म्हणून एकदा त्या गावी जाऊन आलो. गाणाऱ्यांपैकी एकच आजी हयात आहेत. त्यांना फोनवर ती एमपीथ्री ऐकवली तेव्हा त्यांनी पहिला आवाज आपल्या जावेचा आहे हे सांगितले, नाव सांगितले, आणि तिसऱ्या ओवीतील आम्ही लिहिलेला शब्द चूक असल्याचेही सांगितले. चौदाव्या तबकडीचा उत्तरार्ध अद्याप कोठे मिळालेला नाही.