सुट्टीची वसुली

दुसऱ्याच्या सुट्टीचा हिशेब मागणाऱ्यांची आपल्या गावात कधीच वाण नव्हती, पण हल्ली ती मंडळी फारच माजली आहेत. एका सत्काराच्या कार्यक्रमात असंच एक भाषण ऐकावं लागलं. वक्त्यांचं नाव घेत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला, निवृत्तीच्या समारंभात तेच ते ऐकू येतं आणि दर वेळी टाळ्या पडतात. त्या टाळ्यांनीच मला लिहायला बसवलं.

म्हणणं थोडक्यात असं. सुट्टी हे समाजाचं देणं आहे. धाराशिवसारख्या मागास, दुष्काळी जिल्ह्यात रविवारी उशिरापर्यंत लोळणारा, डबा बांधून रामलिंगाला जाणारा, संध्याकाळी गुलाबजामावर ताव मारणारा माणूस बेजबाबदार आहे. सरकारी कचेऱ्यांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा त्या दोन सुट्ट्यांतली एक श्रमदानाला लावून घ्यावी. हजेरीपत्रक ठेवावं, न येणाऱ्यांची, अगदी शाळेतल्या मुलांचीही, नावं फळ्यावर लिहावीत. नाहीतरी या गावात सुट्टी घालवण्यासारखं आहे काय? आणि वर हुकमाचं पान म्हणून हे, की रविवारची सुट्टी मिळाली तीच मुळी समाजसेवेसाठी, खुद्द गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे तसं सांगून गेले.

या शेवटच्या मुद्द्यापाशी माझी तिडीक मस्तकात गेली. बाकीच्या मुद्द्यांना एकेक ओळ पुरेल, याला पुरणार नाही.

सहा दिवस पोटासाठी आणि सातवा देशासाठी, अशा अर्थाचं वाक्य लोखंड्यांच्या नावावर सांगितलं जातं. ते बोलले असतील, नसतील, त्यावर मी भांडत नाही. त्यांनी मागितलं काय, ते मात्र नोंदलेलं आहे. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि मागण्या ठरल्या. दर रविवारी पूर्ण दिवस विश्रांती. दुपारी अर्धा तास सुट्टी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. या यादीत श्रमदान कुठे आहे? त्या काळी गिरणीतल्या माणसाचं आयुष्य भोंग्यापासून भोंग्यापर्यंत होतं. १८८१ चा कारखाना कायदा फक्त लहान मुलांपुरता बोलत होता. मोठ्या माणसाला आठवड्याच्या सुट्टीचा हक्कच नव्हता. यंत्रं पुसायला म्हणून सुट्टीच्या दिवशीही बोलावून घ्यायचे. अंग मोडून आलेल्या त्या माणसाला एक सकाळ उशिरा उठता यावं, आंघोळ करून देवाला जाता यावं, पोराला मांडीवर घेता यावं, एवढ्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कामगारांच्या बाजूने मांडलं गेलं. खंडोबाच्या वारी माणूस काय करतो? भंडारा उधळतो, तळी भरतो, गोडाधोडाचं खातो. मागितली होती ती ही मोकळीक.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १८९० साली, दहा हजारांपुढे! घरी चूल, गिरणीत साचा, अशा दोन्हीकडून पिळून निघालेल्या बायकांना विश्रांती म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नव्हतं. १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला. त्या सभेत उभ्या राहिलेल्या माणसांना कुणी सांगितलं असतं की बाबांनो, हा दिवस तुमचा नाही, यातले चार तास तुम्ही परत द्यायचे आहेत, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते वक्त्यांनी स्वतःला विचारावं.

आता लोखंडे स्वतः. १८९६-९७ च्या प्लेगात ते रोग्यांच्या मदतीला धावले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच प्लेगाने गेले. पुढच्याच महिन्यात पुण्यात प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सेवेचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. पण ज्याने सेवेत जीव दिला, त्याने दुसऱ्यांसाठी मागितली ती विश्रांती. स्वतःचा जीव द्यायला तो तयार होता, कामगाराचा रविवार द्यायला तयार नव्हता. आमच्या वक्त्यांचं नेमकं उलट आहे. त्यांचा स्वतःचा रविवार शाल-श्रीफळात जातो आणि त्याग दुसऱ्याच्या सुट्टीचा होतो.

गाडगेबाबांचं नावही त्याच भाषणात आलं. बाबांनी आधी स्वतः खराटा हातात घेतला. हजेरी कुणाची घेतली नाही.

सक्तीच्या श्रमदानाचं रूप कसं असतं तेही सांगते, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. एका रविवारी सकाळी स्वच्छता मोहीम होती. नव्या टोप्या, नवे झाडू. काही झाडूंच्या मुठीवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. रस्त्याच्या मधला कचरा कडेला लोटला गेला, फोटो झाले, चहा झाला, कागदी कप त्याच ढिगावर पडले आणि मंडळी पांगली. ढीग तिथेच. मी थांबले होते म्हणून मला दिसलं, की एक सफाई कामगार बाई ते नवे झाडू मोजून पोत्यात भरत होती. तिला विचारलं, आज सुट्टी नाही का? म्हणाली, होती, पण झाडू वाटायला आणि गोळा करायला बोलावलं. ढीग उचलणार सोमवारी तीच. पन्नास जणांचं श्रमदान व्हावं म्हणून एकीचा रविवार गेला, आणि तिच्या फुकट गेलेल्या सकाळची नोंद कुणाच्या अहवालात आली असेल असं मला वाटत नाही. रस्ता रोज झाडायला पुरेसे कामगार, हातमोजे, वेळेवर पगार आणि त्यांची त्यांना सुट्टी एवढं मागायला कुठल्याही व्यासपीठावर कुणी उभं राहत नाही.

दोन सुट्ट्यांचं गणितही असंच अर्धवट. या गावात सुट्टी आहे कुणाला? कचेरीतल्यांना आहे, मान्य. कापड दुकानातल्या पोराला, हॉटेलात टेबल पुसणाऱ्याला, एसटीच्या कंडक्टरला, दवाखान्यातल्या नर्सला, नवरात्रात तुळजापूरच्या बंदोबस्तावर उभ्या पोलिसाला? दसरा-दिवाळीला कोयता घेऊन उसाच्या फडावर निघालेलं जोडपं उन्हाळ्याच्या तोंडी परततं. मधल्या महिन्यांत रविवार कधी आला, कधी गेला, त्यांना कळतही नाही. आणि घरातल्या बाईचा रविवार? त्या दिवशी मटणाचं वाटण, पाहुणे आणि आठवड्याचं धुणं. सुट्टीत समाजाचं ऋण फेडायचंच असेल तर वक्त्यांनी त्या दिवशी घरातली भांडी घासून सुरुवात करावी. त्याला हजेरीपत्रक लागत नाही.

मुलांची नावं फळ्यावर लिहायची सूचना मुलांच्या मनात श्रमाबद्दल कायमची चीड भरेल. त्यावर याहून जास्त शाई घालवत नाही.

“इथे आहे काय” हा प्रश्न मला तीस वर्षांपासून ऐकू येतो आणि तो विचारणारे बहुधा वेशीबाहेर गेलेलेच नसतात. शहराजवळ बालाघाटाच्या अंगात कोरलेली धाराशिवची लेणी आहेत. हातलाईचा डोंगर आहे. नळदुर्गात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे, पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुटले की बंधाऱ्याच्या पोटातल्या त्या महालात उभं राहून पाणी कोसळताना बघावं. येडशीजवळच्या रामलिंगाला श्रावणात पायऱ्या उतरून दरीत गेलं की उन्हाळाभर रापलेला हाच जिल्हा हिरवा निघतो. तिथली माकडं हातातला नारळ अशा सफाईने नेतात की लेकरं आठवडाभर तीच गोष्ट सांगत राहतात. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो खवा चाखायला भूमच्या बाजूला जाणं हाही रविवारचा कार्यक्रम होऊ शकतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

यावरून जुनी गोष्ट आठवली. जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याकडे भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. तेव्हाही हेच सूर निघाले होते. ज्या जिल्ह्यात प्यायला पाणी नाही तिथे पुस्तकांचे सोहळे कशाला? मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, दुष्काळी माणसाला फक्त टँकर लागतो असं मानणं हा त्याचा अपमान आहे. तीन दिवस खेड्यापाड्यांतून माणसं आली, मांडवात बसून ऐकलं, पुस्तकं चाळली, पिशवीत घालून नेली. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाढायला आपलीच माणसं उभी होती, आणि जबरदस्ती कुणावर नव्हती. तो वाद संपला असं मला वाटलं होतं. गरिबाने आनंद करू नये, केला तर लपून करावा, हे मत काही मरत नाही. दर काही वर्षांनी नवा कोट घालून येतं.

माझं स्वतःचं म्हणणं साधं आहे. माणसं एकत्र मजा करतात म्हणूनच वेळ आली की एकत्र धावतात. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवून हा सगळा मुलूख झोपला आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने किल्लारी-सास्तूरची गावं जमीनदोस्त झाली. दिवस उजाडला तेव्हा ढिगाऱ्यावर पहिली पोचली ती शेजारच्या गावची माणसं. आदल्या रात्री मिरवणुकीत नाचलेली पोरं हातांनी दगड उपसत होती. त्यांना कुणी यादी करून पाठवलं नव्हतं. कोण कुठे राहतो, कुणाकडे ट्रॅक्टर आहे, कुणाचा आवाज लांबवर जातो, हे त्यांना ठाऊक होतं, कारण वर्गणी, मांडव आणि ढोल यांत ती दहा दिवस एकत्र होती. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पाणी गावात घुसलं तेव्हाही तालीम, मंडळ, भजनी मंडळ हेच आधी हलले.

तुळजापूरच्या वाटेवरचं बघा. दसऱ्यानंतर देवी श्रमनिद्रा घेते. खुद्द जगदंबेला विश्रांती लागते आणि तिच्याकडे कुणी हिशेब मागत नाही. कोजागरीला ती जागी होते, तेव्हा सोलापूरकडून आणि कर्नाटकातून माणसांची रीघ लागते. वाहनं बंद, सगळा रस्ता पायी चालणाऱ्यांचा. कडेला रात्रभर चहा, केळी, खिचडी. एका मांडवात मी पाहिलं, पंचविशीचा एक मुलगा सतरंजीवर मांडी घालून बसला होता. अनोळखी म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेऊन टाचेच्या भेगांत तेल जिरवत होता. पोटरी दाबताना म्हातारा कळवळला की हात हलका करायचा. शेजारी त्याचे मित्र गाणी म्हणत कांदा चिरत होते. ती पोरं सेवा करत होती की मजा? मला ते वेगळं काढता आलं नाही, आणि काढायची गरजही वाटली नाही.

हौसेचंही तसंच. तेरचं संग्रहालय घ्या. ग्रीक भाषेतल्या पेरिप्लस या जुन्या सागरी मार्गदर्शिकेत ज्या तगर नगरीचा उल्लेख आहे, ते आपलं तेर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर पावसानंतर उघडी पडणारी मृण्मूर्ती, मणी, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेने वेचली, सांभाळली. त्या हौसेतून हजारो वस्तूंचं संग्रहालय उभं राहिलं आणि आज ते शासनाचं असून त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मातीत काय शोधतोस, त्यापेक्षा गटारं उपस, असं त्यांना कुणी दरडावून पटवलं असतं तर सातवाहनकाळातलं तेर आपल्या हाती आलं असतं का?

श्रमदानाला माझा विरोध नाही. वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या दिवसांत गावकऱ्यांनी ४५ दिवस चर खणले, २०१८ च्या १ मेला शहरातली माणसंही आपखुशीने टिकाव घेऊन गेली, त्यांना माझा नमस्कार. ज्याला वाटेल त्याने घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी खुशाल भाजाव्यात. मीही कधी भाजते. पण ज्याचा रविवार आहे त्याने तो कसा घालवावा, हे मंचावरून ठरणार नाही.

वक्त्यांना खरोखर काही करायचंच असेल तर काम आहे. गावातल्या दुकानांतून आणि हॉटेलांतून फिरावं, किती पोरांना आठवड्याची सुट्टी पगारासकट मिळते ते विचारावं आणि मालकांशी बोलावं. मालक बहुतेक त्यांच्याच सत्काराला येणारे आहेत. वाचनालय रविवारी उघडं राहील हे बघावं. रविवारी लेण्यांपर्यंत आणि तेरपर्यंत सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी एसटी मागावी. फिरायच्या प्रत्येक ठिकाणी बायकांसाठी कुलूप नसलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह मागावं. या मागण्यांच्या अर्जावर पहिली सही मी करते. दुसरी त्यांनी करावी, आणि हवं तर त्यासाठी रविवारच निवडावा.