टोचलेली सुई दुखली नाही तेव्हा

मानवतला जिनिंगवर कामाला जाणाऱ्या आमच्या आया-बहिणी संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांवर रुईचे तूस बसलेले असते. त्यात घाम. मग मान, हात, पोटऱ्या रात्रभर खाजतात. औषधाच्या दुकानातून पंधरा-वीस रुपयांची ट्यूब आणायची, चार दिवस चोळायची, बरे वाटले की विसरायचे आणि परत खाज सुटली की परत ट्यूब आणायची, हा घरोघरचा क्रम. अशा वेळी गावात अॅक्युपंक्चरचे शिबिर भरले आणि ‘सर्व त्वचारोगांवर विनाऔषध उपचार’ असा फलक लागला, तर माणसे जाणारच. आमच्या गल्लीतून सात-आठ जण गेले. आमच्या घरातूनही गेले, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या सौभाग्यवतींच्या अंगावर वर्षभर पित्त उठत होते. लाल गांधी उठायच्या, दोन-तीन तासांनी मावळायच्या, पुन्हा दुसरीकडे उठायच्या. सुया घेतल्यावर त्यांची खाज कमी झाली व झोप लागू लागली. गांधी उठणे मात्र थांबले नाही. त्यामुळे ‘हे सगळे थोतांड आहे’ असे आम्ही लिहिणार नाही, आणि ‘चमत्कार आहे’ असेही लिहिणार नाही.

शिबिराच्या फलकावर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा फोटो होता. सोलापूरचा हा मराठी डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेला आणि जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ साली तिथेच वारला. मात्र कोटणीस हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. सुयांची विद्या आपल्याकडे आणली ती त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी. त्यांनी १९५९ च्या सुमारास कोलकात्यात हे उपचार सुरू केले. फोटो लावल्याने उपचार खरा ठरत नाही, एवढ्यासाठीच हे सांगितले.

या सुईत औषध नसते. ती पोकळ नसून भरीव असते आणि इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळ बारीक असते. खाजेसाठी बहुधा कोपर वाकविल्यावर घडीच्या बाहेरच्या टोकाला आणि गुडघ्याच्या वर आतल्या अंगाला टोचतात, व वीस-तीस मिनिटे तशीच ठेवतात. चिनी वैद्य म्हणतात की त्याने शरीरातल्या शक्तीचा प्रवाह मोकळा होतो. आजचे शास्त्र असा प्रवाह मानत नाही. ते म्हणते की खाज व वेदना यांचे निरोप मज्जातंतूंतून मेंदूकडे जातात आणि सुईच्या टोचण्याने त्या निरोपांत फरक पडू शकतो.

फरक पडतो, पण किती? चीनच्या सिचुआन प्रांतात अंगावर सतत पित्त उठणाऱ्या ३३० रुग्णांवर चाचणी झाली व ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. काहींना खऱ्या जागी सुया टोचल्या, काहींना नुसत्या नावापुरत्या, आणि काहींना काहीच न करता थांबविले. खऱ्या सुयांवाल्यांना इतरांपेक्षा अधिक आराम पडला. तरीही तो आराम एवढा मोठा नव्हता की रुग्णाच्या रोजच्या जगण्यात ठळक फरक पडावा. आमच्या घरचा अनुभव याच्याशी बराच जुळतो.

आणि हे झाले पित्ताचे. गजकर्ण बुरशीने होते, खरूज कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्याने होते. कोपराला सुई टोचल्याने बुरशी कशी मरावी? खरजेला तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावे लागते, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. सोरायसिसवाल्यांनी आणखी जपावे. त्या रोगात कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो, कोडाचेही तसेच होऊ शकते. म्हणून ‘सर्व त्वचारोगांवर’ हा शब्द ज्या फलकावर दिसेल, तिथे आधी दोन पावले मागे सरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

त्या शिबिरात शेजारच्या वहिनी त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलाच्या दंडावर रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा फिकट डाग होता. वर्षभरापासून होता. आजी म्हणायची जंताचा डाग आहे, म्हणून जंताची गोळी देऊन झाली होती. शाळेत पोरे ‘कोड, कोड’ म्हणून चिडवू लागली, तेव्हा वहिनी घाबरल्या. पोरगी असती तर आणखीच घाबरल्या असत्या, हे त्यांनीच आम्हांला सांगितले.

सुया टोचणाऱ्या गृहस्थांनी डागाच्या भोवती चार सुया टोचल्या आणि एक डागाच्या मध्ये. भोवतीच्या सुयांना पोरगा कळवळला. मधली टोचली तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत होता. गृहस्थ कौतुकाने म्हणाले, “बघा ताई, दुखलंसुद्धा नाही! आमचा हात किती हलका आहे.” सगळे हसले. आम्हीही हसलो. ते हसणे आज आठवले की आम्हांला लाज वाटते.

घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, चार दुखल्या अन् मधलीच कशी दुखली नाही?” हा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. आम्ही त्या मुलाला बोलावले. डोळे मिटायला सांगितले. कापसाचा धागा वळून आधी चांगल्या कातडीला लावला, मग डागाला, आणि ‘कुठे लागले ते बोट ठेवून दाखव’ म्हणालो. चांगल्या कातडीवर त्याने बरोबर बोट ठेवले. डागावर तीनदा धागा लावला. तिन्ही वेळा तो म्हणाला, “लावा ना काका.”

दुसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डाग तपासला, कोपराजवळची नस चाचपून पाहिली आणि कुष्ठरोग असल्याचे सांगितले. वहिनी तिथेच खाली बसल्या. त्यांना वाटले आता गल्ली, पाणी, पंगत सगळे बंद. त्यांचा पहिला प्रश्न मुलाविषयी नव्हताच. “भाऊ, कुणाला सांगू नका,” हे त्या म्हणाल्या.

अस्पृश्यता म्हणजे काय हे ज्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्या वस्तीतल्या आईला हे म्हणावे लागते. कायद्यानेही हा कलंक किती काळ जपला पाहा. कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवणारा १८९८ चा इंग्रजी कायदा २०१६ साली रद्द झाला. नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मिळत असे, ती तरतूद २०१९ साली गेली.

रोगाचे खरे स्वरूप असे आहे. तो जंतूने होतो, पापाने नव्हे. जंतू कातडीतल्या नसांना इजा करतो, म्हणून डागावर स्पर्श, ऊन-थंड, टोचणी कळत नाही. डाग सहसा खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस वर्षानुवर्षे तो अंगावर वागवतो. आपल्या देशात १९८३ पासून एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. थोडे डाग असतील तर सहा महिने, जास्त असतील तर वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचे भय राहत नाही. ताट, पाणी, अंथरूण वेगळे करायचे कारण नाही. एका गोळीने लघवी तांबडी होते, ते पाहून घाबरून औषध सोडू नये. उशीर झाला तर मात्र नस मरते, बोटे वाकडी होतात, आणि मेलेली नस गोळीने परत येत नाही.

त्या पोराचे सहा महिने पुरे झाले. शाळा एक दिवसही बुडली नाही. घरातल्या इतरांनाही तपासले व प्रतिबंधाची एकेक मात्रा दिली. वहिनींनी गल्लीत अजून कुणाला सांगितलेले नाही. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, आम्ही लिहीत आहोत.

ज्यांना खाजेसाठी सुया घ्यायच्याच असतील त्यांनी घ्याव्यात, पण आधी चामडीच्या डॉक्टरांकडून रोगाचे नाव विचारून घ्यावे. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे. त्याखाली नोंदणी झाली आहे का, हे तोंडावर विचारावे. विचारण्यात अपमान कसला? सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडले पाहिजे व सुई वापरून झाली की टाकून दिली पाहिजे. उकळून पुन्हा वापरतो म्हणणाऱ्याकडून उठून यावे, कारण एकाच सुईने कावीळ व एड्सचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. चिघळलेल्या, पू झालेल्या जागी टोचू देऊ नये. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी सांगावे. आणि चालू असलेले औषध सुयांच्या भरवशावर बंद करू नये. सौभाग्यवती पित्ताची गोळी घेतातच, सुया मात्र त्यांनी थांबविल्या. रोजी बुडते म्हणतात.

कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई दारी येतात तेव्हा बायामाणसे हात-पाय दाखवून त्यांना वाटेला लावतात. पाठ, मांड्या, दंड हेही दाखवावे. मुलांना अंघोळ घालताना तर आई-आजीला हे सहज पाहता येते. फिकट किंवा लालसर डाग दिसला की कापसाचा धागा घ्यावा, लेकराला डोळे मिटायला सांगावे.

खरजेविषयी पाथरीहून व सेलूहून पत्रे आली आहेत. त्यांना उत्तर पुढील अंकी.