थकव्याची नोंद

थकण्याला मराठीत शब्दांची वानवा नाही. शीण, दमणूक, मरगळ, ग्लानी, गळाठा, प्रत्येकाची छटा निराळी. शीण श्रमातून येतो आणि झोपेने उतरतो. मरगळ मनावर साचते. ग्लानीत भानच ओसरू लागते. परंतु दवाखान्याची पायरी चढताच ही सारी श्रीमंती गळून पडते आणि उरतो एक गुळगुळीत शब्द : ‘वीकनेस’. रुग्णाच्या कागदावर तोही क्वचितच उतरतो.

स्वादुपिंडाचा जुनाट दाह, म्हणजेच क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, या विकारात ही उणीव विशेष जाणवते. वर्षानुवर्षांच्या दाहाने ग्रंथी निबर होत जाते, नलिकेत खडे साचतात, पोटातली कळ थेट पाठीत जाते. त्या वेदनेला मान आहे. दहापैकी किती, असे विचारले जाते. एन्डोस्कोपी, शस्त्रक्रिया यांची चर्चा होते. थकव्याचा आकडा मात्र कोणी विचारत नाही.

वास्तविक त्याची कारणे गूढ नाहीत. पाचक रस अपुरे पडल्याने स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. त्यांच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही शरीराला पुरेशी मिळत नाहीत. पुढे इन्सुलिन घटून मधुमेह जडतो. कळेच्या भीतीने माणूस जेवण टाळतो, रात्री झोप मोडते आणि काही तीव्र वेदनाशामकांची गुंगी दिवसा रेंगाळते. अशा स्थितीत औदासीन्य न आले तरच नवल! ते आले की थकवा वाढतो आणि थकव्याने पुन्हा औदासीन्य. मग हा थकवा शरीराचा की मनाचा, हा प्रश्नच फोल ठरतो. ‘मनावर घेऊ नका’ हा सल्ला तर त्याहून फोल.

त्यातच संशयाची भर. हा आजार म्हटला की ‘पीत असणार’ हे समीकरण तयार असते. दारू हे मोठे कारण आहेच. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील देशव्यापी पाहणीत सुमारे ६० टक्के रुग्णांत दारू वा अन्य निश्चित कारण आढळले नव्हते. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी १९६०च्या दशकातच दारूशी संबंध नसलेल्या तरुण रुग्णांचे तपशील मांडले होते. आणि समजा, एखादा पीत होता. म्हणून त्याचा थकवा ही त्याची शिक्षा ठरते काय?

थकवा मोजता येत नाही, हा आक्षेप टिकणारा नाही. कर्करोग्यांसाठी तयार झालेली क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली या आजाराच्या अभ्यासांतही वापरली गेली आहे; तिच्यात थकव्याविषयी अवघे तीन प्रश्न आहेत. विश्रांती घ्यावी लागली का, अशक्त वाटले का, दमलात का? तपासणीतली दोन मिनिटे पुरेशी आहेत. उत्तरातून पुढची वाटही दिसते : पाचक विकरांच्या कॅप्सूल जेवणासोबतच घेतल्या जातात ना, ड जीवनसत्त्व आणि रक्तातील साखर किती, झोप कशी, मनोविकारतज्ज्ञांची मदत हवी का.

थकवा यामुळे सर्वस्वी जाईल असे नव्हे. परंतु ज्याची नोंदच नाही त्यावर उपचार कोणी करायचे? घरच्यांच्या लेखी तोवर तो आळसच राहतो आणि रुग्णही हळूहळू स्वतःला आळशी समजू लागतो. आजाराने केलेल्या हानीत या हानीची गणना आपण कधी करणार?