वसईचा गोन्सालो आपला की परका?

मंडळी, "ख्रिश्चन म्हणजे इंग्रजांनी मागं ठेवलेलं बिऱ्हाड," असं आपल्या यवतमाळात चहाच्या टपरीवर कोणीही सहज बोलून जातं. अशा प्रत्येकाला मला वसईचा गोन्सालो गार्सिया सांगावासा वाटतो.

मुंबई इंग्रजांच्या हाती जायच्या शंभरेक वर्षं आधी, १५५६-५७ च्या सुमारास, हा माणूस वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट पाद्र्यांकडं शिकला, पोरवयातच त्यांच्यासोबत जपानला गेला, तिथली भाषा सफाईनं बोलू लागला. पुढं व्यापारात पडला, पैसाही कमावला. मग ते सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कनांमध्ये गेला, तेही पाद्री म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या फ्रान्सिसचे अनुयायी. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, खिसा रिकामा. गाडगेबाबांच्या मुलखातल्या माणसाला हे वैराग्य काय समजावून सांगायचं!

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचा वकील जपानच्या हिदेयोशीकडं गेला, तेव्हा दुभाष्या होता गोन्सालो. चार वर्षांत वारं फिरलं. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना पकडून कान कापले, धिंड काढली, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला एकूण २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यात वीस जण जपानीच होते, हे विसरू नका. १८६२ साली पोपनं या सव्वीस जणांना संत जाहीर केलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. केरळच्या सिस्टर अल्फोन्सांना तो मान मिळाला थेट २००८ मध्ये.

आता कोणी म्हणेल, पोर्तुगीजांचे अत्याचार विसरलात का? नाही विसरलो. देवळं पाडली, गोव्यात इन्क्विझिशन चालवलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली ती उगाच नाही. पण सत्तेचा हिशोब एका अनवाणी ब्रदरच्या नावावर कसा टाकता? आणि पोर्तुगीज गेले तरी वसईतले त्याचे भक्त कुठं गेले? ते तिथंच राहिले, शेती-बागायत करत, मराठी बोलत. आजही त्याचा सण वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये साजरा होतो. त्याच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, तिथं सगळ्या जातीधर्माची पोरं शिकतात.

याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. बायबल सोप्या मराठीत आणलं, 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तर काहींच्या पोटात दुखलं, कारण काय तर ते पाद्री! त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या यवतमाळच्या संमेलनात नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं होतं. त्यामुळं दुसऱ्या गावाला नावं ठेवायचा आपल्याला फारसा हक्क नाही म्हणा.

आपल्या जिल्ह्यातले बरेच ख्रिश्चन प्रोटेस्टंट परंपरेतले, त्यांच्याकडं संतांची भक्ती नसते. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ ला पुण्याला जाईपर्यंत तीस वर्षं यवतमाळातच होती, देशभरातून विद्यार्थी यायचे. उमरीच्या मिशन दवाखान्यात किती जणांच्या घरची बाळंतपणं झाली असतील! तरी शेजारच्या या माणसांबद्दल आपल्याला माहिती शून्य, आणि मतं मात्र पक्की.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कोणी मुंबईकडं जाणार असेल, तर वसई किल्ल्यात एक चक्कर माराच. चिमाजी अप्पांचं स्मारकही तिथंच आहे. दोन्ही पाहा, आणि काय वाटलं ते इथं लिहा.