एक्स्प्लेनर : भंगारातल्या इंजिनाला टर्बो, ताकद किती वाढते, धोका किती?

भंगारातून जुन्या कारचे इंजिन आणायचे, दुसऱ्या गाडीचा वापरलेला टर्बो त्याला जोडायचा आणि थोड्या पैशांत दमदार पिकअप मिळवायचा. व्हिडिओत सोपा दिसणारा हा जुगाड जळगाव-धुळ्याच्या उन्हात आणि रस्त्यावर मात्र महागात पडू शकतो. कसा, ते समजून घेऊ.

टर्बो नेमके काय करतो?

इंजिनाची ताकद इंधनाइतकीच हवेवर अवलंबून असते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. साधे इंजिन ही हवा स्वतः ओढून घेते. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. या चाकांचा वेग मिनिटाला १ लाख फेऱ्यांच्याही पुढे जातो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. सुपरचार्जर हेच काम इंजिनाच्या पट्ट्यावर करतो.

खान्देशात हिशेब कुठे चुकतो?

जुन्या मारुती ८०० ची ताकद सुमारे ३७ हॉर्सपॉवर. हवेचा दाब दीडपट केला तर ती ५५ व्हावी, असे कागदावर दिसते. पण सायकलचा पंप मारताना तो जसा तापतो, तशीच दाबलेली हवाही तापते. बाहेर ४५ अंश असतील आणि टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर इंजिनात जाणारी हवा साधारण १०५ अंशांवर पोहोचते. तापलेली हवा विरळ होते. म्हणजे ५० टक्क्यांऐवजी जेमतेम २५ टक्के जादा हवा मिळते आणि ३७ चे फार तर ४६ होतात. इंटरकूलर बसवला तर फरक पडतो, पण खर्च वाढतो आणि तोही थंड होतो ४५ अंशांच्याच हवेवर.

इंजिन का बसते?

- गरम हवेमुळे पेट्रोल वेळेआधीच पेट घेते. याला नॉकिंग म्हणतात. यात पिस्टन फुटू शकतो, हेड गॅस्केट उडू शकते.
- हवा वाढली की पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढावे लागते. जुना कार्ब्युरेटर किंवा मूळ ईसीयू ते आपोआप करत नाही.
- टर्बोला सतत स्वच्छ ऑइल लागते. भंगारातल्या इंजिनाची झीज किती झाली, हे बाहेरून कळत नाही.

कंपन्याही टर्बो लावतात. टाटा टियागोचे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन सुमारे ८५ हॉर्सपॉवर देते, तर नेक्सॉनचे तेवढेच टर्बो इंजिन सुमारे १२०. पण तिथे कूलिंग, ईसीयू आणि ब्रेक टर्बो धरूनच ठरवलेले असतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी बनवली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे कौतुक केले. पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली.

मग हौस मारायची का?

नाही, जागा बदलायची. टर्बो शिकायचाच असेल तर इंजिन स्टँडवर, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये किंवा बंद ट्रॅकवर, जाणकाराच्या देखरेखीखाली प्रयोग व्हावा. आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी त्यासाठी आपली वर्कशॉप खुली करायला हवीत. सुरत-नागपूर महामार्गावर ८० ऐवजी ११० च्या वेगाने धावणारी गाडी थांबवायला ब्रेकला जवळपास दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. ९ हॉर्सपॉवरसाठी ही जोखीम स्वतःच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवावर घेणे परवडणारे नाही.