एकाच खुर्चीचा शौक

आपल्या निफाडसारख्या गावातही एखादा असा माणूस भेटतो, ज्याच्या घरात कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर, जड अॅम्प्लिफायर आणि जुन्या रेकॉर्ड्सचा ढीग असतो. घरचे कुरकुरतात, ‘एवढ्यात ट्रॅक्टरचे दोन हप्ते गेले असते.’ त्याच्या सख्ख्या भावाला मात्र तेच गाणं मोबाईलवर ऐकताना काहीच कमी वाटत नाही. दोघांचे आईबाप एक, घर एक, मग हा फरक येतो कुठून?

हायफाय म्हणजे हाय फिडेलिटी. फिडेलिटीला आपल्याकडे चांगला शब्द आहे, इमान. मूळ आवाजाशी इमान राखणारं यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. हे वेड कुणाला लागतं याची दोन उत्तरं लोक ठोकून देतात. एक, ज्याच्याकडे पैसा आहे त्याला. दोन, ज्याचे कान जन्मतः तीक्ष्ण आहेत त्याला. मला दोन्ही पटत नाहीत. द्राक्षाच्या पैशातून बंगले बांधलेल्या कितीतरी घरांत गाणं टीव्हीवरच ऐकलं जातं. आणि कानाचं म्हणाल, तर तरुण माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वय वाढलं की वरची टोकं गळत जातात. महागडी यंत्रं परवडू लागतात ती बहुधा पन्नाशीत, आणि तोवर बहुतेकांचे वरचे काही हजार हर्ट्झ कायमचे गेलेले असतात. म्हणजे कान उत्तम तेव्हा खिसा रिकामा, आणि खिसा भरला तेव्हा कान उतरलेले!

खरं कारण लक्षात आहे, आणि लक्ष ही शिकण्याची गोष्ट आहे. लासलगावच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेतो, दाबून बघतो आणि बोली लावतो. आपल्याला सगळे कांदे सारखेच दिसतात. त्याचा हात जन्मतः वेगळा नसतो, वर्षानुवर्षांच्या व्यवहाराने तो घडलेला असतो. कानाचंही तसंच. कुरआन शिकणाऱ्या मुलाला उस्ताद ‘काफ’ आणि ‘क़ाफ’, ‘सीन’ आणि ‘साद’ यांतला फरक पुन्हा पुन्हा म्हणून दाखवतात. आपल्या दखनीत ‘क़’चा सहज ‘ख’ होतो. तरीही काही महिन्यांत त्या मुलाला फरक ऐकू येऊ लागतो, आणि एकदा ऐकू आला की मग चुकीचा उच्चार खटकायला लागतो. तज्वीद म्हणजे उच्चाराचं शिक्षण आहेच, पण त्याआधी ते कानाचं शिक्षण आहे.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण महाराष्ट्रात मिरजेला आहे. तिथल्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेब सितारमेकर यांच्यासारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या कामातलं अवघड कौशल्य म्हणजे जवारी. तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग इतका नाजूक घासायचा, की तार छेडताच एका स्वरातून अनेक स्वर झंकारावेत. ती घासणी किती हवी हे शेवटी कानच सांगतो. शौकीन ज्या बारकाव्यासाठी लाखो मोजतो, तो बारकावा या माणसांनी कानस हातात घेऊन घडवला.

पण मग ज्यांना हे वेड नाही ते अरसिक का? मुळीच नाही. ते वेगळ्या गोष्टीसाठी ऐकतात. कव्वाली ऐकणारा शेराची वाट बघतो, भजन ऐकणारा शब्दांची. शब्द फाटक्या स्पीकरमधूनही पोचतात. मिरजेतच स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या 78 आरपीएमच्या रेकॉर्ड्स घ्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं, आणि सोबत सुईची खरखर. तशीच त्यांची एक रेकॉर्ड लहानग्या भीमसेन जोशींनी ऐकली आणि गाणं शिकण्यासाठी घर सोडलं. त्या खरखरीने त्यांचं काही अडलं नाही. तेव्हा यंत्राचं इमान आणि ऐकणाऱ्याचं प्रेम यांची गल्लत करू नये.

माझा खरा आक्षेप मात्र पुढेच आहे. स्टिरिओ नीट ऐकायचा तर दोन स्पीकरच्या बरोबर समोर, दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसावं लागतं. म्हणजे उत्तम जागा एकाच माणसाची. घरात त्या एका खुर्चीवर कोण बसतं? मी आजवर पाहिलेल्या शौकिनांत सगळे पुरुष आहेत. बायकांना आवाजाची जाण नसते असं कुणी म्हणेल, तर मला ते खोटं वाटतं. स्वयंपाकघराच्या फळीवरचा रेडिओ भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या बाईला गाण्यातली हरकत न् हरकत पाठ असते. तिच्याकडे नसतो तो अर्धा तास, ज्यात कुणी हाक मारणार नाही. दोन खोल्यांत सात माणसं राहतात तिथे तर तो कुणाकडेच नसतो. हायफायमधली सर्वांत महाग वस्तू स्पीकर नव्हे, निवांतपणा आहे.

तो निवांतपणाही आपण गावातून हाकलत आहोत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणूक कुणाचीही असो, उरुसाची, जयंतीची की लग्नाची, डीजेची भिंत शंभरी सहज ओलांडते. कामगारांच्या आरोग्याचे जाणकार 100 डेसिबलमध्ये जेमतेम पंधरा मिनिटं सुरक्षित मानतात, आणि आपली पोरं त्या भिंतीसमोर तीन-तीन तास नाचतात. त्या भिंतीपुढे गेलेले कान पुढे कितीही महाग यंत्र आणलं तरी परत येत नाहीत.

म्हणून शौकीन मित्रांना सांगणं एवढंच. तुमचा शौक खरा आहे, त्याची टिंगल करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण पुढची वायर किंवा पुढचा अॅम्प्लिफायर घेण्याआधी मोहल्ल्यातल्या मिरवणुकीचा आवाज कमी व्हावा म्हणून एकदा तोंड उघडा. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ ती मधली खुर्ची घरातल्या बाईला द्या. चहा मात्र त्या दिवशी तुम्ही करा.